बंडूचं सुतक

“येडा? माज्या पोराला येडा बोलशील, ते पन भरल्या कोर्टात?” सखूबाईने तांदूळ पाखडायचं सूप बाजूला सारलं. “जीभ झडंल गो तुजी.”

“मी अजून काय बोललेच नाय, आय,” तिची सून पुतळा म्हणाली.

“बोलली नायस म्हनूनच भ्या वाटतं.”

पुतळाचा धाकटा दीर कान्हा उंबऱ्यात विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, “आय, आपला टिपणीस वकील काय बोलला, ऐकलंस ना? येडा ठरला त इस्पितलात ठेवतील. नाय ठरला त फाशी, नायतर जन्मठेप.”

“तू कोनाच्या बाजूचा रं?”

“मी कोनाचाच नाय. माज्या मीनाला बघायला उलव्याची मानसं येनार हायेत. त्यांना काय सांगू? पोरीचा काका येडा, का पोरीचा काका खुनी? दोन्हीकडून माज्याच डोक्याला टेन्शन.”

“सांग, देवीचा भगत हाय.”

“त्यांनी पेपर वाचलाय, आय.”

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात पुतळाची साक्ष होती. तिच्या नवऱ्याने, धर्मराजने, आपल्या सात वर्षांच्या मुलाला, बंडूला, देवीपुढे मारलं, हे कुणीच नाकारत नव्हतं. धर्मराजही नाही. तेव्हा त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का, एवढाच प्रश्न उरला होता.

पुतळा मिठागरावर वाढलेली. लग्न होऊन शिरवण्यात आली तेव्हा धर्मराज भातशेती करायचा, हसरा होता, जेवायला बसला की पातेलं रिकामं करायचा. मग शेतं नव्या शहरासाठी गेली आणि त्याला तुर्भ्याच्या एका कारखान्यात हमालीचं काम लागलं. दोनेक वर्षं बरी गेली. नंतर त्याची झोप उडाली. यंत्रातून आपल्याला कुणीतरी हाक मारतं, असं तो म्हणू लागला. मीठ वर्ज्य केलं, मग मासळी, मग भातही. कधी पाहावं तर भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी वाद घालत असायचा.

त्या साली नवरात्रात आरती चालू असताना त्याचं अंग घुमायला लागलं. सखूबाईने धावत जाऊन त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला. घरात दोन पिढ्या कुणाच्या अंगात देवी आली नव्हती. आता ती आली, आणि झोप का उडाली, जेवण का सुटलं, सगळ्याचा उलगडा झाला. त्या दिवसापासून त्याला जेव म्हणणं बंद झालं, झोप म्हणणंही. कारखान्याने काढून टाकलं तेव्हा सखूबाईने पेढे वाटले. देवीला आपल्या झाडाने, म्हणजे ज्याच्या अंगात ती येते त्याने, ओझी उचललेली चालत नाहीत, असं ती म्हणाली. मंगळवारी बायका कौल घ्यायला येऊ लागल्या. तो जितका वाळत गेला, तितके हार वाढले. पुतळाला पाणवठ्यावर बायका आधी घागर भरू देत. तिलाही ते आवडत होतं.

पण अंगात येणं तिने माहेरी पाहिलं होतं. तिच्या मावशीच्या अंगात यायचं. कापूर विझला की देवी जायची आणि मावशी घाम पुसून चहा मागायची. धर्मराजचा कापूर विझून राख झाली तरी त्याचं जात नव्हतं. एकदा तिने सासूला तसं सांगितलं. “मोठी देवी हाय,” सखूबाई म्हणाली, “मुक्कामाला आलीया.” पुतळाने ते पटवून घेतलं.

बंडू गेला त्या दिवशी ती तुर्भ्याला सुकट विकायला गेली होती. परत आली तेव्हा धर्मराज ओट्यावर बसला होता. आंघोळ केलेली, कपाळभर हळद. “दिला,” तो म्हणाला. आणि मग, “पाया पड.”

टिपणीस वकिलाने त्या आंघोळीवर बराच वेळ घालवला होता. सरकारी वकील म्हणणार, रक्त धुतलं, म्हणजे गुन्हा केल्याचं त्याला कळत होतं. “डॉक्टरला कधी दाखवलं होतं का?” त्याने विचारलं.

“नाय.”

“झोपत नव्हता, जेवत नव्हता. मग तुम्ही काय केलंत?”

“पाय धुतले त्याचे.”

वकिलाने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, “बाई, कोर्टात हे सांगायची तयारी आहे का तुमची? कारण धर्मराज स्वतः सांगतोय, मी वेडा नाही.”

घरी तयारी कुणाचीच नव्हती. पोलीस धर्मराजला घेऊन गेले त्याच संध्याकाळी सखूबाईने बजावलं होतं, देवीने मागून घेतलेल्या पोराचं सुतक धरायचं नाही, रडायचं नाही. दहावं झालं नाही. कावळ्याला घास ठेवला नाही. उलट शेजारची वेणूबाई नारळ-खण घेऊन आली, पुतळाची ओटी भरून म्हणाली, “भाग्याची गो तू बाय.” पुतळाने पदर पुढे केला होता. बंडूचे कपडे धुतानाही तिला दार लावून घ्यावं लागे.

“आय,” आता ती म्हणाली, “तुमी बोलता देवीनं नेला. देवीनं नेला त मी रडायचं नाय. पन मना रडायचं हाय. माजा पोऱ्या होता त्यो. नैवेद्य नव्हता.”

“गप!”

“शालेत जायचा. लिंबाचं लोनचं चोरून खायचा. त्याला कोनी मागितला नव्हता. त्याचा बापूस आजारी होता, आनि आपन नारल फोडत बसलो.”

“वैनी, हलू,” कान्हा म्हणाला. “आजूबाजूला ऐकतात.”

हरेक मंगळवारी सखूबाईच्या बोटांना लागलेलं कुंकू जायचं नाही. आता ती तीच बोटं लुगड्याला पुसत होती.

“त्यो येडा व्हता,” ती म्हणाली, आवाज अगदी बारीक झालेला, “त मी कोनाला पूजत व्हते गो? माज्या पोराला ताप यावा, आनि मी त्याला हार घालावा? सांग ना. मंग बंडूला कोनी मारला?”

पुतळा उठली, सासूला तांब्याभर पाणी दिलं आणि जवळ बसली. सखूबाई पाणी प्यायली नाही, पण तांब्या तिने हातात धरून ठेवला.

कान्हाने विडी विझवली. “मंग उद्याचं काय त्ये ठरवा. जीपवाल्याला सांगायला पायजे. आनि उलव्याच्या मानसांना मी काय बोलायचं, तेबी.”

“जीप नको,” पुतळा म्हणाली. “मी एस्टीनं जानार. बंडूचा बापूस येडा व्हता, आनि आमी सगल्यांनी त्याला देवी समजून पूजला, असं कोर्टात सांगनार. उलव्याच्या मानसांना तूबी तेच सांग. रविवारी बंडूचं ऱ्हायलेलं दहावं हाय. बामनाला मी सांगून आलेय.”