नऊ नंबरची लुडबूड

तिचं खरं नाव क्लबच्या कागदांवर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर आमच्यातलं कुणी वळूनही पाहणार नाही. तीसुद्धा नाही. आम्ही तिला लुडबूड म्हणतो. ती आमच्या संघाची सेंटर फॉरवर्ड, नऊ नंबर. मी अकरा नंबर, डाव्या कडेने पळणारी. पळायचं मी, घाम गाळायचा मी, दोघीतिघींना चकवून फटका मारायचा मी, आणि चेंडू गोलात शिरायला निघाला की ऐन वेळी कुठूनतरी हिचा गुडघा, नडगी नाहीतर ढुंगण मध्ये येणार. की झाला गोल हिच्या नावावर. इतकी वर्षं हे सोसून मी तिच्याबद्दल लिहायला बसले आहे, यावरून माझा स्वभाव किती चांगला आहे ते ओळखा.

या रोगाची सुरुवात घरात झाली. तिचे वडील घरं रंगवायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची, त्यामुळे शाळेला सुट्टी असली की पोरीला सांभाळायचं काम वडिलांकडे. ते तिला कामावर घेऊन जायचे, रिकाम्या खोलीत मधोमध उपड्या डब्यावर बसवायचे आणि बजावायचे, "ओला आहे! हात लावू नकोस!" ते शिडीवर चढेपर्यंत हिचं बोट भिंतीला लागलेलं असायचं.

"का लावलास?"

"राहवलं नाही, बाबा."

मग ते बडबडत खाली उतरायचे, तेवढ्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवायचे आणि पुन्हा तेच बजावायचे. काही ठसे त्यांच्या नजरेतून सुटले. त्या भागातल्या बऱ्याच घरांत दाराच्या कडीजवळ अजून एका लहान बोटाची खूण आहे, असं ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना त्यांना जराही लाज वाटत नाही.

फुटबॉलही असाच मध्ये आला. ती पिस्ता रंगाचा डबा उचलून बाबांच्या मागून एका शाळेच्या मैदानाच्या कडेने चालली होती. आत मुलींचा सराव सुरू होता. कुणीतरी मारलेला चेंडू खांबाला आपटून हिच्यासमोरून घरंगळत निघाला. दोन्ही हातांत डबा, म्हणून हिने पाय पुढे केला. चेंडू गोलात गेला, डबा उलटला आणि मैदानाच्या कोपऱ्यात पिस्ता रंगाचं तळं झालं. तिथे एक तरुण बाई शिट्टी घेऊन उभ्या होत्या. त्याच पुढे आम्हा सगळ्यांच्या कोच झाल्या. त्या ओरडल्या, "ही कोण मध्ये मध्ये करणारी?" मग त्यांनी एकदा गोलाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "उद्या येतेस का?"

फॉरवर्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी वाऱ्यासारखी पळणारी येत असेल. हिला पळताना पाहिलं की वाटायचं, बस सुटली आहे आणि बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत. चेंडू पायात ठेवणं तिला कधी जमलं नाही. डोक्याने मारताना डोळे मिटायची. तिला येत होतं ते एकच. दुसऱ्या कुणी फटका मारला रे मारला की ही गोलकीपरच्या दिशेने सुटायची. गोलकीपर चेंडू छातीशी धरायची, ही मुकाट्याने परत यायची. पुन्हा फटका, पुन्हा तेच. कधीतरी गोलकीपरच्या हातून चेंडू निसटायचा आणि ही तिथे हजर असायची. पेपरवाले त्याला 'चाणाक्षपणा' म्हणायचे. मी चोरी म्हणते.

आता ओघात आलंच आहे तर एक सांगून टाकते. सराव संपत आलेला असायचा, थंडीने बोटं वाकडी झालेली असायची, बाकीच्या मोजे काढायच्या बेतात असायच्या, आणि मी उगाच एक फटका मारला तरी ही त्याच्यामागे पळत जायची. बघायला कुणी नाही, टाळ्या नाहीत. इतकं फुकटचं पळणं माझ्याच्याने झालं नसतं. हे मी तिच्या तोंडावर कधीच म्हणणार नाही.

क्लबने आम्हा दोघींना मिळून एक खोली दिली होती, टायरच्या दुकानाच्या वरची. दोन खाटा, एक नळ, एक खिडकी. गॅसवर मी काही ठेवलं की ही झाकण उचलून बघणार आणि चिमूटभर मीठ टाकणार. मीही मीठ टाकलेलंच असायचं. माझ्या बुटांच्या नाड्या तिला सैल वाटायच्या, माझी उशी तिला चपटी वाटायची. मला बघायला आलेल्या एका मुलाला तर तिने माझ्याआधी तीन प्रश्न विचारले, आणि तो परत आला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला कमरेखालीच भूल दिली होती. डॉक्टर सांगत होते, टाके घालताना पडद्याच्या मागून आवाज आला, "जरा घट्ट ओढा ना."

देशाच्या संघातही तिला एकदा बोलावणं आलं होतं. ती राखीव खेळाडूंच्या बाकावर बसली होती. चेंडू कडेच्या रेषेकडे येत होता, अजून बाहेर गेला नव्हता, आणि हिने बसल्या जागेवरून पाय लांबवून तो अडवला. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. देशासाठी एक मिनिटही न खेळता शिक्षा घेऊन आलेली बाई आमच्या खोलीत राहायची. पुन्हा बोलावणं आलं नाही. आठवडाभर तिने माझ्या भांड्यावरचं एकही झाकण उचललं नाही. त्या आठवड्यात जेवण खारट झालं नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

माझ्या दुःखाला आणखी एक कारण होतं, आमचा माइकवाला. आमचा क्लब बिस्किटांच्या कारखान्याचा. हा तिथे पॅकिंगमध्ये मुकादम, आणि सामन्याच्या दिवशी मैदानाच्या पलीकडच्या कडेला टेबल टाकून माइकवर बसायचा. चष्मा तो हमखास घरी विसरायचा. गोलाच्या तोंडाशी गर्दी झाली आणि जाळी हलली की बिनदिक्कत ओरडायचा, "गोल! नऊ नंबर!" बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. नसलं तरी गोल तिच्याच नावावर लागायचा. माझे कितीतरी गोल त्याच्या तोंडातून तिच्या घरी गेले.

शेवटच्या हंगामात आमची पार वाट लागली. अखेरचा सामना जिंकला तरच आम्ही वरच्या गटात राहणार होतो. कारखान्याच्या मालकाने आधीच कळवलं होतं की खालच्या गटात गेलात तर संघ बंद. म्हणजे आम्ही सगळ्या घरी. त्यात लुडबुडीचा गुडघा संपला होता. हा आपला शेवटचा सामना, हे तिने जाहीर करून टाकलं होतं. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत ती माझ्याशेजारी गुडघ्याला पट्टी गुंडाळत बसली होती. एकदम म्हणाली, "मी गेल्यावर संघ असायला पाहिजे गं. मग मी येऊन बाहेरून नावं ठेवीन." बोलता बोलता माझ्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती. मी बांधू दिली.

सामना सरकेना. ना त्यांचा गोल, ना आमचा. बरोबरी आमच्या काही कामाची नव्हती. कोचबाईंनी बदलायच्या तेवढ्या सगळ्या खेळाडू बदलून झाल्या होत्या आणि लुडबूड लंगडत का होईना, पुढे उभी होती. प्रेक्षक नेहमीचेच, म्हणजे आमच्या घरची माणसं, कारखान्यातले काही रिकामटेकडे आणि एक कुत्रा. गोलाच्या मागच्या कठड्याला टेकून तिचे बाबा उभे होते.

शेवट जवळ आला आणि मला मोकळी जागा मिळाली. मी फटका मारला. गोलकीपर चुकीच्या बाजूला झेपावली होती, चेंडू रिकाम्या गोलात चालला होता. आमच्या लुडबूडबाई त्यांच्या शेवटच्या खेळाडूच्याही पुढे, रेषेजवळ उभ्या होत्या. म्हणजे ऑफसाइड. नुसती उभी राहिली असती तर काही बिघडत नव्हतं. तिने चेंडूला पायाचा अंगठा लावला. जेमतेम अंगठा. कडेच्या पंचांचा झेंडा वर गेला आणि गोल रद्द झाला.

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तिचं तोंड भिंतीसारखं पांढरं पडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "जातच होता ना गं?" मी म्हटलं, "जातच होता!" बाई कडेला डोकं धरून खाली बसल्या होत्या. ही लुडबूड आज आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय देऊन घरी जाणार, आणि पुढे आयुष्यभर तिची हीच आठवण राहणार, असं मला स्पष्ट दिसत होतं. मला तिचा राग येत होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

वेळ संपत आली होती. चेंडू पुन्हा माझ्याकडे आला. मी एकीला टाकून आत शिरले आणि डोळे मिटून फटका मारला. तो कुणाच्या तरी टाचेला लागून दिशा बदलून गोलाकडे निघाला, अगदी हळू, रांगत्या पोरासारखा. गोलकीपर लांब आडवी पडली होती. आणि रेषेवर, पुन्हा ऑफसाइड, पुन्हा एकटी, लुडबूड. चेंडू तिच्याच पायाकडे येत होता. मी तिचा पाय उचललेला बघितला.

मागच्या कठड्यावरून तिच्या बाबांनी बोंब ठोकली, "ओला आहे! हात लावू नकोस!"

तिने चटका बसावा तसा पाय मागे ओढला, तोल गेला आणि ती ढुंगणावर आपटली, रेषेच्या पलीकडे, थेट जाळीत. चेंडू तिच्या बुटाच्या बाजूने सावकाश आत गेला. झेंडा खालीच राहिला. पंचांनी गोल दिला.

आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो असतानाच भोंग्यातून आवाज आला, "गोल! नऊ नंबर!"

मला हसूच आलं. म्हटलं, जाऊ दे, शेवटचा आहे, घेऊ दे तिला. पण लुडबूड जाळीतून उठली आणि आमच्याकडे न येता मैदानाच्या पलीकडच्या कडेला निघाली, लंगडत, तिच्या त्या पिशव्यावाल्या चालीने. समोरच्यांना घाई होती, त्यांनी खेळ सुरू केला. इकडे आम्ही दहाजणी, त्या सगळ्या आमच्या गोलावर तुटून पडलेल्या. मी डाव्या कडेची खेळाडू आमच्याच गोलात उभी राहून चेंडू लाथाडत होते. बाई ओरडत होत्या, "अगं, आत ये! ए मूर्ख, आत ये!" तिला काही ऐकू येत नव्हतं. मग भोंगा खरखरला.

"ऐका. नऊ नंबर नाही. अकरा नंबर. तिचा गोल आहे. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

सगळं मैदान हसलं. ती माइक टेबलावर ठेवून तशीच न विचारता आत आली आणि पंचांनी तिला पिवळं कार्ड दाखवलं. तिच्या खेळातली ती शेवटची नोंद. पाठोपाठ शेवटची शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो.

तिचे बाबा कठडा ओलांडून आत आले आणि तिच्या चड्डीला मागे लागलेला चिखल झटकू लागले. म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा ऐकलंस." मी तिचे दोन्ही दंड धरून तिला गदागदा हलवलं. "कशाला गेलीस गं तिकडे? त्यांनी तेवढ्यात गोल केला असता म्हणजे?" रागाने विचारायचं होतं, पण मला रडू आवरेना.

तिने तिच्या मळक्या बाहीने माझं नाक पुसलं. मी तिला पुसायला सांगितलं नव्हतं.

"राहवलं नाही," ती म्हणाली.