बारा ते चार

जेवणं होऊन तास झाला आहे. मी आरामखुर्चीत पाय लांब करून पडलो आहे आणि पोटावर सहलीचं वेळापत्रक पसरलं आहे. डोळे मिटत नाहीत आणि उघडेही राहत नाहीत. झोप लागण्याआधी तुम्हाला सगळं नीट सांगून ठेवतो, कारण पुढं माझा काही भरवसा नाही.

आम्ही जयसिंगपुरातले निवृत्त शिक्षक, अकरा जण, फेब्रुवारीत तमिळनाडूला निघालो आहोत. कुंभकोणम, तंजावर, चिदंबरम, त्या कावेरीकाठच्या पट्ट्यातली देवळं पाहायची. आठ दिवस, एकतीस देवळं. आखणी माझ्याकडे आली, कारण शाळेत बावीस वर्षं तासांचं वेळापत्रक मीच करत असे. आमच्याबरोबर इंदुमती वहिनींनाही यायचं आहे. गणिताचे चौगुले सर आठवत असतील कुणाला, त्यांच्या त्या पत्नी. सरांना जाऊन दोन वर्षं होतील. वहिनींचे दोन्ही गुडघे गेले आहेत. काठी टेकत शंभर पावलं चालतात, मग बसतात. परवा जमदाडे बाई मला म्हणाल्या, “सर, मला वाईट बोलायचं नाही, पण वहिनी आल्या तर दिवसाला चार-चार देवळं कशी व्हायची?” मी वेळा पुन्हा मांडून पाहिल्या. खरंच होत नव्हती. काल संध्याकाळी मी यादीतलं वहिनींचं नाव खोडलं.

उद्या सकाळी तिकिटं काढायची आहेत. आज पाच वाजता वहिनींना फोन करून ‘पुढच्या खेपेला बघू’ असं सांगायचं आहे. पुढची खेप होणार नाही हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते. एक होते, दुसरी होते, आणि तिसरी लांबत जाऊन शाळेची घंटा होते.

मी सातवीच्या वर्गात उभा आहे. हातात खडू आहे. बाकांवर पोरं दाटीवाटीने बसली आहेत आणि खिडकीबाहेर ऊस आहे.

“गोपुराची उंची काढायची आहे,” मी म्हणतो. “वर चढायचं नाही, शिडी लावायची नाही. कशी काढाल?”

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठते. दोन वेण्या, रिबीन सुटलेली. “सावली मोजून, सर. आधी काठीची मोजायची, मग गोपुराची.”

“छान. मोजून ये.”

ती काठी घेऊन बाहेर जाते आणि लगेच परत येते. “सर, सावलीच नाही.”

“नीट बघ. घाई करू नकोस.”

“बघितलं. काठीच्या पायाशी गेलीय सगळी.”

मी खिडकीतून पाहतो. ऊस नाही. तिथं गोपूर उभं आहे, खालपासून वरपर्यंत मूर्तींनी भरलेलं, आणि सूर्य बरोबर त्याच्या माथ्यावर आहे. मी पोरांकडे वळतो तर शेवटच्या बाकावर चौगुले सर बसलेले. सातवीच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नाहीत, म्हणून ते तिरके बसले आहेत. पांढरा सदरा, खिशाला लाल पेन, हातात माझं वेळापत्रक.

“काय हो कोरे,” ते म्हणतात, “अजून सावलीच शिकवताय?”

“समजेपर्यंत तेच शिकवायचं.”

“निवृत्त झालात ना तुम्ही?”

“तुम्ही तर...” मी म्हणतो आणि थांबतो. गेलेल्या माणसाला तोंडावर तसं सांगणं बरं दिसत नाही.

“हो, मीही,” ते म्हणतात आणि हसतात.

आमची जुनी रीत अशी होती की वेळापत्रक मी करायचो आणि तपासायचे ते. दर जूनमध्ये. मी त्यांच्या बाकापाशी जातो. पोरं बाजूला सरकून मला वाट देतात.

“काही चुकलंय का?” मी विचारतो.

“वाचा.”

हे माझंच हत्यार आहे. पोराला चूक सांगायची नाही, त्याला चुकीपाशी नेऊन उभं करायचं आणि वाट बघायची. कितीही वेळ लागो. मी हे तीस वर्षं केलं आणि चौगुल्यांनी ते शेजारच्या स्टाफरूममध्ये बसून ऐकलं, म्हणून मी मुकाट्यानं वाचायला लागतो.

“दिवस तिसरा. सकाळी आठ, दारासुरम. साडेदहा, स्वामीमलई. साडेबारा, त्रिभुवनम...”

आणि आम्ही त्रिभुवनमला आहोत.

चपला कुठं काढल्या ते आठवत नाही. पायाखाली दगडी फरसबंदी आहे, पुढं लाकडाचा अवाढव्य दरवाजा, त्यावर पितळी गोळ्या, आणि तो बंद आहे. त्यातल्या लहानशा दारातून एक म्हातारे पुजारी वाकून बाहेर येतात, किल्ली कमरेला खोचतात, मला चार बोटं दाखवतात आणि तळहात गालाखाली धरून झोपेची खूण करतात. फूलवालीनं मोगऱ्याच्या टोपलीवर ओलं फडकं टाकलं आहे आणि ती टोपलीला पाठ लावून कधीच झोपली आहे.

“कोण झोपलंय आत?” मी विचारतो.

“देव,” चौगुले म्हणतात. “चारला उठेल.”

“पण आपल्याकडं तर दुपारी कधीही जावं, देव समोर असतोच.”

“आपल्याकडच्यानं सवय करून घेतलीय. इथं बारा वाजले की मधली सुट्टी.” ते मान तिरकी करून माझ्याकडं बघतात. “बावीस वर्षांत मधली सुट्टी टाकायला कधी विसरलात?”

“एकदाही नाही.”

“मग इथं?”

“मला वाटलं, देवळांना सुट्टी नसते.”

दरवाजाच्या बाजूला खांबांचा मंडप आहे. ते पायऱ्या चढून सावलीत जातात आणि खांबाला टेकून बसतात. सदऱ्याच्या खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून फोडायला लागतात. टरफलं दुसऱ्या खिशात ठेवतात. असंच करायचे ते. शिपायाला झाडायला लागू नये म्हणून.

मी खालीच उभा आहे. मंडपाचे खांब मोजता मोजता ते आमच्या स्टेशनच्या फलाटाचे खांब होतात. बाकांवर आमचे सगळे बसले आहेत. जमदाडे बाई पिशवीवर डोकं ठेवून पेंगताहेत, बाकीचे एकमेकांच्या खांद्यांवर. कुणाला कुठं जायचं नाही. गाडी नाही, उद्घोषणा नाही. फलाटाच्या टोकाला गोपूर तसंच उन्हात उभं आहे.

सर अजून माझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांच्या हातात यादीही आहे, त्यावरचं खोडलेलं नाव मला इथूनही दिसतं, पण ते त्याबद्दल विचारत नाहीत. न विचारणाऱ्या माणसासमोर फार वेळ उभं राहता येत नाही.

“वहिनींचं नाव मी खोडलंय,” मी म्हणतो.

ते शेंग फोडतात. “मला नावं तपासायला दिली नव्हतीत. वेळा दिल्या होत्यात.”

“त्या शंभर पावलांनी बसतात, सर. बाकीच्यांचा खोळंबा होईल.”

“बाकीचे आत्ता काय करताहेत?”

मी बाकांकडं बघतो. “बसलेत.”

“किती वेळ बसतील?”

“बारा ते चार. चार तास.”

“रोज?”

“रोज.”

“आठ दिवसांचे?”

“बत्तीस,” मी लगेच म्हणतो. इतक्या वर्षांनी त्यांच्यासमोर उत्तर बरोबर आलं म्हणून मला उगीचच बरं वाटतं.

“बत्तीस तास नुसतं बसायचंय,” ते म्हणतात, “आणि ज्या एका माणसाला बसता येतं त्याला तुम्ही घरी ठेवून निघालात.”

शेंगदाणे ते तळहातावर घेऊन फुंकर मारतात. सालं उडून जातात.

“मला तिच्यासारखं बसता आलं नाही कधी,” ते म्हणतात, माझ्याकडं न बघता. “चिदंबरमला जायचं तिनं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काढलं होतं. मी म्हणायचो, यंदाची दहावी होऊ दे. दरवर्षी दहावी असायची.”

“तुम्ही मला कधी बोलला नाहीत हे.”

“तुम्ही तरी कधी विचारलंत? तुम्हाला सातवी होती.”

फूलवाली झोपेत कूस बदलते. आम्ही दोघंही तिच्याकडं बघतो, ती जागी होईल म्हणून गप्प राहतो. खरं तर मला अजून पुष्कळ विचारायचं आहे. तिकडं कसं आहे, त्रास झाला का शेवटी, हात धरायला कोणी होतं का. यातलं एकही वाक्य जुळत नाही. सर शेंगदाण्यांचा हात माझ्यासमोर धरतात.

“आणि कोरे, सावलीत या की. मघापासून उन्हात उभे आहात. तो दगड तव्यासारखा तापलाय.”

मी खाली बघतो. खरंच मी हलायचंच विसरलो आहे. मी पायरीकडं पाऊल उचलतो.

पाऊल खुर्चीच्या दांडीला लागतं आणि मी जागा होतो.

पावणेपाच वाजले आहेत. वेळापत्रक जमिनीवर पडलं आहे. मी आधी टेबलावरची माहितीपत्रकं घेतो, जी मी गेला महिनाभर चाळतो आहे. प्रत्येकावर छापलं आहे. सकाळी अमुक ते दुपारी बारा, साडेबारा. संध्याकाळी चार ते अमुक. एका ठिकाणी त्याखाली मी स्वतः रेघही मारली आहे. पोरांना मी किती वेळा सांगितलं असेल की वाचणं वेगळं आणि डोळे फिरवणं वेगळं.

दुपारची देवळं मी एकेक करून काढतो, मग वहिनींच्या चालीनं सकाळ-संध्याकाळही सैल करतो. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आठ दिवसांत सोळा उरतात. जमदाडे बाई दोन दिवस गाल फुगवतील. यादी घेतो आणि खोडलेल्या नावाखाली तेच नाव पुन्हा नीट अक्षरात लिहितो.

फोन करायला उठतो तर पाऊल टेकवत नाही. दोन्ही तळवे चुरचुरताहेत. मी परत बसतो, उजवा पाय मांडीवर घेऊन बघतो. टाचेपासून बोटांपर्यंत लालभडक. ऊन अजून खिडकीच्या गजांशीच आहे, खुर्चीपासून चांगलं तीन हात लांब. ते इथवर कधीच येत नाही. मी टाचा न टेकता न्हाणीपर्यंत जातो, ओल्या फरशीवर पाय ठेवून उभा राहतो आणि तिथूनच फोन लावतो.

“वहिनी, कोरे बोलतोय.”

“बोला भावजी.” मग त्याच घाईत, “मला कळलंय हो. नाही ना नाव? राहू द्या. तुम्ही लोक भराभर हिंडणार, मी मध्ये कुठं...”

“नाव आहे. तुम्ही सुती मोजे घ्या, जाड. दोन जोड.”

पलीकडं त्या नाक ओढतात. “मोजे कशाला? थंडी असते तिकडं?”

“आवारात अनवाणी जावं लागतं. दुपारी दगड तापतो, चटके बसतात. आपण त्या वेळी मंडपात बसणारच आहोत, पण मंडपापर्यंत जायला हवेत.”

“तुम्ही कुठं गेला होता तिकडं कधी?”

मी न्हाणीतल्या फरशीवरचे माझे पाय बघतो. पाण्यातही त्यांची आग अजून थांबलेली नाही.

“आत्ताच कळलं,” मी म्हणतो.

“बरं,” वहिनी म्हणतात. “मग चार जोड घेते. तुम्ही स्वतःसाठी काही घेणार नाही, आमचे हे म्हणायचेच.”