सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार

आमच्या अप्पांचे कान फार तिखट. उभा जन्म छापखान्यात मशीनवर गेलेला. आवाज जरा बदलला की बिघाड कुठे आहे ते बसल्या जागी सांगायचे. अशा माणसाला मी म्हणालो, "अप्पा, तुमचे कान गेलेत आता." तेही वैतागून. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नाशिक रोडला माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. दोन हजार सालाच्या आसपास कॅसेटवरचं सीडीवर करून द्यायचं काम मी नव्याने सुरू केलं. ते ऐकून अप्पांनी ट्रंकेतून एक कॅसेट काढून आणली. माझ्या ताईची. ती येवल्याला दिलेली. एका भाऊबीजेला माहेरी आली तेव्हा आम्ही हौसेने तिची गाणी टेप केली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती काविळीने गेली. त्यानंतर दहाएक वर्षं त्या कॅसेटला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

मी ती लावली, पण स्पीकर बंद ठेवून. भर दुकानात ताईचा आवाज ऐकायची हिंमतच नव्हती. साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. कॉम्प्युटरवर भरली साडेबत्तीस मिनिटं. मी म्हटलं, कंपनीवाले फीत थोडी जास्त भरतातच की. सीडी काढली आणि कॅसेट परत ट्रंकेत ठेवून दिली.

अप्पा रोज दुपारी ती सीडी लावायचे. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही रडलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ही अशी दमल्यासारखी का गातेय रे? हसते तेसुद्धा ओढूनताणून."

"डिजिटल आहे ते अप्पा. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" आणि मग ते कानांचं वाक्य. माझ्यावर विश्वास ठेवला, हेच चुकलं त्यांचं.

कारण मग त्यांनी त्यांचा अर्थ लावला. "म्हणजे तिला तेव्हाच बरं नव्हतं. अंगात दुखणं घेऊन आली होती पोरगी, आणि मी तिसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिली. ठेवून घेतली असती, डॉक्टरला दाखवली असती..." दुपार झाली की हेच. जेवण कमी झालं. मी आधी "काहीतरीच काय!" म्हणायचो. पण ऐकून ऐकून मलाही ताई आजारीच वाटायला लागली. एकदा तर मी "असेल" म्हणून गेलो. फाल्गुनात अप्पा गेले.

महिन्याभराने सायखेड्याचे एक भजनीबुवा दुकानात आले. त्यांची कॅसेटही मी त्याच सुमारास सीडीवर करून दिली होती. "आम्ही पेटीच्या काळी दोन पट्टीत गातो," ते म्हणाले. "तुमच्या सीडीला ना पांढरी दोन लागती, ना काळी एक. पेटी लय चाळली, सूर दोन्हीच्या मधेच कुठंतरी उतरलाय, जुळतच नाय."

बुवा गेल्यावर मी सेटिंग उघडून बसलो. साउंड कार्डाचं घड्याळ सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाज टिपत होतं, आणि प्रोग्रॅम फाइलवर चव्वेचाळीस हजार शंभर असं लिहीत होता. सीडी बिचारी लिहिल्याप्रमाणे वाजणार. एका सेकंदाचा ऐवज वाजायला सेकंदाहून जरासा जास्त वेळ लागायचा; अर्ध्या तासाची साडेबत्तीस मिनिटं झाली ती अशी. तेवढ्याने गाणं रेंगाळतं, गळा जड होतो. बाकी गिऱ्हाइकांची भाषणं नि आशीर्वाद असायचे, त्यात कुणाला काय कळणार!

ताईची फाइल उघडली. आकडा बदलायला मिनिटही लागलं नाही. स्पीकर या वेळी चालू ठेवला.

अहाहा, काय गात होती ती! खणखणीत, घाईघाईत, कडवं संपायच्या आत पुढचं धरत. मधेच चुकली आणि खळाळून हसली, आमची ताई जशी हसायची तशीच. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. त्या दिवाळीत तिला काहीही झालेलं नव्हतं. अप्पा मात्र आजारी लेकीला आपणच सासरी धाडलं असं समजून गेले, आणि त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.