गुडमारचा पाला

माझं काम पाल्याचा अर्क काढायचं. म्हणजे मी फार्मसी कॉलेजात शिकवते आणि प्रयोगशाळेत मुलांकडून गुडमारचा पाला सावलीत वाळवून घेते, दळून घेते, अल्कोहोलमध्ये भिजत घालून घेते. अल्कोहोल उडवून टाकलं की फ्लास्कच्या तळाशी काळपट हिरवा चिकटा उरतो, तो खरवडून काढायचा. हा चिकटा माणसाच्या रक्तातली साखर उतरवतो का, उतरवली तर किती आणि कोणाची, यावर बरेच जण डोकं खपवताहेत. औषध म्हणून त्याच्यावर विसंबावं इतकं अजून कोणी छातीठोक सांगत नाही. आमच्याकडे तूर्त तो फ्लास्क धुणाऱ्याचे हाल करतो, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

हाच पाला आमच्या घरात आला तो मात्र माझ्या हातून नाही, आत्याच्या पिशवीतून. आत्या अकलोलीजवळच्या गावातली. तिच्या कुंपणावर हा वेल आपोआप चढलेला. बाबांना मधुमेह, हे तिला माहीत होतंच. त्यात डाव्या डोळ्याचा पडदा साखरेने आधीच खराब केला होता आणि उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. म्हणजे बाबांची सगळी भिस्त त्या एका उजव्या डोळ्यावर होती. शेतांवर गोदामं उभी राहून जमाना झाला, पण खाडीचं जाळं ते अजून स्वतः विणायचे, आणि आता त्यांना जाळ्याचा डोळाच दिसेना.

"दादा, चावून बघ," आत्या म्हणाली. "साखर मरते याच्यानं."

बाबांनी दोन पानं चावली, तोंड वाकडं केलं आणि वर चिमूटभर साखर टाकली. मग जे झालं ते मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण बाबांच्या चेहऱ्यावर बघायला मजा आली. हा पाला चावला की तासभर जिभेला गोड कळत नाही. साखर वाळूसारखी लागते.

"आयला, रेती!" बाबा म्हणाले. "खरंच मेली."

त्यानंतर आठवडाभर त्यांनी आमच्या टेमघर गावात कोणाला सोडलं नाही. येईल त्याला पान चावायला लावायचे, मग साखर. गोदामाचा रखवालदार तर थुंकतच बाहेर पळाला. "सेठ, शक्कर की मिट्टी कर दी आपने!" बाबांना याहून मोठं प्रमाणपत्र नको होतं. मी त्यांना सांगितलं की मरते ती जिभेची चव, साखर नाही. ते म्हणाले, "तू कालेजात शिकव."

खरं सांगायचं तर पाल्याने एक काम केलं. चहा बेचव लागतो म्हणून बाबांनी गोड चहा सोडला. गोळ्या चालूच होत्या. साखर थोडी उतरली, डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली. त्याआधी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी एकदा करून आणा, म्हणाले. घरात श्रेय अर्थातच आत्याला गेलं. मी वाद घातला नाही.

मग तुळशीचं लग्न लागलं आणि आमच्यात साखरपुड्यांचा मोसम सुरू झाला. भावकीतला सगळ्यात वडील माणूस म्हणून बाबांना प्रत्येक ठिकाणी पुढे बसावं लागतं. दोन्हीकडचे येऊन त्यांच्या तोंडात पेढा घालतात. मुलाची आई घालते, मुलीचा मामा घालतो, नंतर कोणी राहून गेला म्हणून तोही घालतो. नाही म्हणायची सोय नसते. वडीलधाऱ्याने तोंड फिरवलं की सोयरीक त्याला पसंत नाही असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ पुढे नातवंडांपर्यंत पुरतो. मागच्या वर्षापर्यंत बाबा पेढा गालात दाबून ठेवायचे आणि मांडवामागे जाऊन थुंकायचे. एकदा पकडले गेले. त्यावरून जे रामायण झालं ते इथे सांगत नाही.

यंदा ते निवांत दिसत होते. प्रत्येक साखरपुड्याला हसतमुखाने बसायचे आणि घालतील तेवढे पेढे खायचे. आईने डोळे मोठे केले की मान हलवून 'काळजी नको' अशी खूण करायचे. कुर्त्याच्या खिशात पाला असायचा. घरून निघताना चावायचा, मांडवात शिरताना पुन्हा चावायचा. मी बहुतेक ठिकाणी नव्हते, कॉलेज होतं; हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटत होतं, ते पूर्वीसारखे थुंकत असतील.

तपासणीचा निकाल आला तेव्हा आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. साखर पूर्वीपेक्षाही वर गेली होती. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त तारीख खोडली. आता पुन्हा तीन महिन्यांनी बघू, म्हणाले. तोवर हा डोळा कितपत साथ देईल ते सांगता येत नाही, हेही म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी बाबांना विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कारण आपलं चुकलं असं त्यांना वाटतच नव्हतं.

"मेलेली साखर खाल्ली मी," ते म्हणाले. "एका पेढ्याची चव घेतली न्हाय. लोकांचा मान ठेवायचा म्हनून नुसती रेती गिळली. मंग वाढली कशी?"

मला चीड आली होती. मी गाडी नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगेत उभी केली आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. पाला जिभेला फसवतो, बाबा. पोटाला कळतं पेढा आला. रक्ताला कळतं. जिभेला सोडून सगळ्यांना कळतं.

ते ऐकत राहिले. उजवा डोळा चोळायला हात वर नेला आणि डॉक्टरांनी चोळू नका सांगितलंय हे आठवून खाली घेतला. पुढचा ट्रक हलला तरी मी गाडी हलवली नाही, मागून हॉर्न सुरू झाले.

"म्हंजे सगळी साखर अंगाला लागली?"

"सगळी."

मला वाटलं आता ते आत्यावर घसरणार, नाहीतर माझ्यावर.

"मंग बाय," ते म्हणाले, "निदान गोड तरी लागायला पायजे होती ना?"

मला हसू आलं, आणि इतकं वाईट वाटलं की मी गाडीचा गिअर चुकीचा टाकला.