लाटण्यासाठी ठेवलेली जागा

कूलरचा पाइप शोधायला माळ्यावर चढले आणि हाती लागला जुना ब्रिक गेम. गड्ड्याच्या जत्रेत मी भोकाड पसरून घेतलेला आणि आठवड्याभरात आईने बळकावलेला. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, सेलचं झाकण गायब होतं. कोपऱ्यावरून नवे सेल आणले, वरून चिकटपट्टी मारली, आणि तो चक्क टुणटुणायला लागला. वरून आकार पडतात, ते सरकवून, फिरवून खाली बसवायचे. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. एवढाच खेळ.

आई त्यातली पोचलेली बाई. डाव्या कडेला एका घराची फट ती मुद्दाम मोकळी ठेवायची आणि लांब काठीची वाट बघायची. त्या काठीला ती लाटणं म्हणायची. लाटणं आलं की त्या फटीत उभं सोडायचं, चार ओळी एकदम गडप. मी शेजारी बसून ओरडायचे, अगं भर ना ती जागा, मरशील! "दम धर की. लाटनं येतंच," एवढंच तिचं उत्तर. मला तिला एकदाही हरवता आलं नाही, आणि हे ती आल्यागेल्याला चहासोबत ऐकवायची.

त्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं. ऊन बाधलं असेल, म्हणाली. मार्चमध्येच सोलापूर तव्यासारखं तापलं होतं, त्यामुळे मलाही ते पटलं.

खेळ दिला तशी ती पलंगावर मांडी ठोकून बसली. मी तिच्या उजव्या हाताला टेकले. पूर्वी दोन्ही अंगठे चालायचे तिचे, आता खेळ मांडीवर ठेवून एकट्या उजव्या हाताने बटणं दाबत होती. सवय मोडली असेल, मला वाटलं. आकार उजवीकडे रचत गेली. डावीकडे मोकळं.

"लाटण्याची सोय केलीस वाटतं," मी चिडवलं.

आणखी आकार आले, तेही उजवीकडेच चढले. आता ती फट राहिली नव्हती, अर्धा पडदा रिकामा पडला होता. मग लाटणं आलं. आईने ते उजवीकडच्या ढिगाऱ्यावर उभं केलं. ढीग वर टेकला आणि डाव संपला.

पुढचा डाव मी खेळले आणि तिच्या पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा! "पेढे वाट आता," मी नाचत म्हटलं.

"पयल्यावानी न्हाय ऱ्हायला ह्यो," ती शांतपणे म्हणाली. "लईच चिंचोळा झालाय. जागाच न्हाय त्यात."

मी हसले, पण हसू पुरतं आलं नाही. खेळ हातात घेऊन एक आकार डावीकडे कडेपर्यंत नेला. नीट गेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, मी स्वतःची समजूत घातली आणि पानं घ्यायला उठले.

पलंगावरच जेवताना ती थांबली. "चटनी वाढली न्हाईस व्हय?"

शेंगाचटणी ताटात होती. जिथं असते तिथंच, डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीजवळ.

"समोर आहे की! डोळे कुठं गेले तुझे?" मी खेकसले.

तिने बघितलं. भाजीच्या वाटीभोवती बोटं फिरवली, उजव्या कडेपर्यंत नेली आणि परत आणली. मग केविलवाण्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी तिचं ताट अर्धं फिरवलं.

"आता कशी वाढलीस!" आई खूश झाली. चटणीला भाकरी लावून दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "भाजी संपली का गं?"

भाजीची वाटी तिच्या डावीकडे होती, काठोकाठ.

तिच्या डोक्यात काहीतरी झालं होतं. तिच्या जगाची एक बाजू गेली होती आणि तिला ते ठाऊकही नव्हतं. मी फार घाबरले. शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली, दवाखान्यात जायचंय म्हणून सांगितलं, आणि तिला उठवायला पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले. तिचा डावा हात हातात घेतला. तो जड होता, आणि माझ्या हाताला त्याने काहीच उत्तर दिलं नाही.

आई अजून उजवीकडे बघत होती, मी मघाशी बसले होते तिथं.

"कुटं गेलीस गं?"

"इथंच आहे, आई. हात धरलाय तुझा."

ती उजवीकडच्या दाराकडे बघत राहिली. तिचा आवाज बारीक झाला, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा.

"मग दिसंना का मला? हितं ये की."