क्वार्टरमागच्या पपया

कतारमध्ये मेसईदला कंपनीच्या क्वार्टरमागे आम्ही एका खोलीतल्या चौघांनी पपया लावल्या होत्या. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरायचं आणि ड्यूटीवरून आलं की झाडांना घालायचं. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडून आकसली, फळांवर गोल गोल डाग उठले. गावी मी पपईची बाग केली होती, त्यामुळे दुखणं लगेच ओळखलं. हा व्हायरस. मावा ही बारीक कीड तो या झाडावरून त्या झाडावर नेतो आणि त्याला औषध नाही. रोगट झाड दिसलं की उपटायचं, तर बाकीची वाचतात. हे मीच सांगितलं, म्हणून उपटायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. लावा, पाणी घाला, उपटा. जीव विटला होता नुसता.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या खाटेवरच्या वेल्डरचा छातीचा एक्स-रे खराब आला, टीबी निघाला. कॅम्प बॉस दारातूनच म्हणाला, "खलास. उद्याच्या विमानाने घरी. बाकीच्यांना लागण नको." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पपयांच्या बाबतीत मीही तेच म्हणत आलो होतो. वेल्डरने बॅग भरली.

तो गेला त्या संध्याकाळी खोलीतला एकजण म्हणाला, "कोपऱ्यातली पपई पिवळी पडलीय. उपटायला हवी."

"मग उपट की!" मी खेकसलो. "दर वेळी मीच का?"

कोणीही जागचं हललं नाही.