बाराव्या फोनचा दाखला

"हा पण खोटाच का, मॅडम?" संदीपशेठनी विचारलं.

मी बारावा फोन उलटा करून तळाचा पत्रा काढत होते. सुप्याच्या पुढे, नगर-पुणे रोडवर संदीपशेठचं नवं हॉटेल झालंय. त्याच्या लॉबीत आम्ही तिघं बसलो होतो. तिसरे सलीमभाई. तिसगावात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, आणि जुने दिसणारे टेलिफोन जमवायचा नाद आहे. संदीपशेठना रिसेप्शनमागची भिंत फोननी सजवायची होती, वर पाटी लावायची होती 'ब्रिटिशकालीन टेलिफोन'. म्हणून सलीमभाई आपले बारा फोन टेम्पोत घालून आले होते, आणि ते तपासायला मला बोलावलं होतं.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. नगरचं मॅन्युअल एक्स्चेंज बंद झालं तेव्हा आम्हा मुलींना इकडेतिकडे टाकलं. मी गेले इन्स्ट्रुमेंट रिपेअर सेक्शनमध्ये. बिघडलेले फोन उघडायचे, दुरुस्त करायचे, परत पाठवायचे. रिटायर होईपर्यंत तेच केलं. आता लोक जुने फोन घेऊन घरी येतात. कुणाला घंटी वाजवून हवी असते, कुणाला किंमत विचारायची असते.

अकरा फोन अर्ध्या तासात झाले होते. पितळी, नक्षीदार, शोभिवंत. पण डायलच्या चकतीखाली साधी बटणं. आत बोटभर सर्किट, बाकी सगळं पोकळ. हातात वजन लागावं म्हणून तळाशी लोखंडाची पट्टी बसवलेली. जुन्या फोनला खरी घंटी असते, म्हणजे धातूच्या दोन वाट्या आणि मधे हलणारा टोला. यांत ती नव्हती. असा माल आजही कारखान्यात बनतो. त्याला रिप्रोडक्शन म्हणतात, जुन्यासारखं दिसणारं नवं.

मी हे सांगितलं तसे सलीमभाई म्हणाले, "ताई, मी शेठला पयल्याच दिवशी सांगितलं, अकरा नवे हायेत. मला आवडत्यात म्हणून घेतले. शेठला पटंना."

संदीपशेठ हसले. त्यांना वाटलं होतं, हा माणूस भोळा, आपल्याकडे काय आहे ते याला कळत नाही.

"पन हा काळा खरा हाय," सलीमभाई म्हणाले. "आमच्या अब्बांच्या दुकानातला."

बारावा फोन बेकेलाइटचा होता. बेकेलाइट म्हणजे जुन्या काळचं कडक, जड प्लास्टिक. अंगठ्याने जोरात घासलं की औषधासारखा उग्र वास येतो. तो आला. घंटीच्या वाट्याही होत्या. पण पुढे मला एकेक खटकायला लागलं. डायल नंतरच्या काळातला, प्लास्टिकचा. रिसिव्हर दुसऱ्याच कंपनीचा. कापडी वायरऐवजी प्लास्टिकची वायर. आणि आतले दोन स्क्रू फुलीच्या खाचेचे. जुन्या फोनला सरळ खाचेचे स्क्रू असतात.

इंटरनेटवर परदेशी संग्राहक काय बघतात ते मी वाचलेलं होतं. सगळे पार्ट एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर तो 'जोडकाम'. तीन मोडक्या फोनचा एक करायचा आणि अँटिक म्हणून विकायचा, हा प्रकार बाजारात चालतो.

"जोडकाम आहे," मी म्हणाले. "अस्सल म्हणता येणार नाही."

"लेखी द्या," संदीपशेठ म्हणाले. मी तिथेच लेटरपॅडवर चार ओळी लिहून सही केली.

सलीमभाई वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "ताई, तो खोटा न्हाई." मग एकेक फोन जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळायला लागले. संदीपशेठनी माझ्यादेखतच कुणाला तरी फोन लावला. "तिसगाववाला फसवत होता रे. बरं झालं मॅडमना बोलावलं." सलीमभाईंनी ते ऐकलं. त्यांनी पुढचा फोन गुंडाळायला घेतला.

मला बरं वाटलं नाही, पण काम काम आहे असं म्हणून मी घरी आले.

कुठलाही फोन उघडला की आतले फोटो काढायची मला सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोबाईलवर बघत होते. तळाच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला काहीतरी ओरखडल्यासारखं दिसलं. फोटो मोठा केला. टोच्याने कोरलेलं 'का' अक्षर, आणि त्याखाली दोन आडव्या रेघा.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ती खूण काळे मिस्त्रींची होती. त्यांनीच मला हे काम शिकवलं. आमच्या सेक्शनमध्ये फोन पूर्ण उघडून दुरुस्त केला की मेकॅनिक आतून आपली खूण कोरायचा. एक रेघ म्हणजे पहिली दुरुस्ती, दोन म्हणजे दुसरी.

मग सगळा उलगडा झाला. स्पेअर पार्ट कधी वेळेवर यायचे नाहीत. ग्राहकाचा फोन तर चालू करून द्यायचाच. मग आम्ही कपाटातले मोडके फोन काढायचो. एकाचा डायल, दुसऱ्याचा रिसिव्हर, जे मिळेल ते स्क्रू. असे फोन मी स्वतः किती जोडले असतील याचा हिशेब नाही. ज्याला मी जोडकाम म्हणून नापास केलं, ते आमच्याच सेक्शनमधलं काम होतं. या जिल्ह्यात खरा वापरलेला फोन असाच असणार. सगळे पार्ट एकसारखे असते तरच मला शंका यायला हवी होती.

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पाथर्डीची एसटी पकडली, करंजीचा घाट उतरून तिसगावात गेले. सलीमभाई दुकानात कळशीचा पोचा काढत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले, आणि फोटो दाखवून सगळं सांगितलं.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "असा मानूस यायचा खरा. चष्मेवाला, खिशात टोच्या. नगरला न्यायचा फोन, आन् आठवड्याने आनून द्यायचा." मग म्हणाले, "अब्बांनी कनेक्शन बंद केलं, तवा फोन परत न्यायला खात्याचं कुनी आलंच न्हाई. ऱ्हायला इथं. आता एक सांगू का ताई? अकरा नवे मी नवे म्हनून सांगितले, ते शेठला पटलं न्हाई. एक खरा सांगितला, तो तुमाला पटला न्हाई. मंग मी बोलायचं तरी काय?"

मी दुकानातूनच संदीपशेठना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"शेठ, कालचं माझं पत्र रद्द समजा. काळा फोन अस्सल आहे. चूक माझी आहे, सलीमभाईंची नाही."

"काल खोटा, आज खरा? उद्या काय म्हणाल मॅडम?"

"उद्याही खराच. लेखी पाठवते, कारणासकट. आणि काल तुम्ही ज्यांना फोन केलात, त्यांनाही कळवा."

मग शेठ म्हणाले, "बरं, कळवतो. सलीमभाई, राग मानू नका. काळा देऊन टाका मला. तुम्ही म्हणाल तो भाव."

"अकरा न्या," सलीमभाई म्हणाले. "काळा आता द्यायचा न्हाई."

संदीपशेठनी काळ्या फोनसाठी महिनाभर वाट बघितली, मग अकरा फोन घेतले. रिसेप्शनमागची भिंत छान दिसते. पाटीवर 'जुन्या घडणीचे नवे टेलिफोन' असं लिहिलंय, आणि लोक तरीही त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. काळ्या फोनच्या घंटीचा टोला अडकला होता, तो मी मोकळा करून दिला. त्याच वेळी तळाच्या पत्र्यावर, काळे मिस्त्रींच्या दोन रेघांखाली, मी तिसरी कोरली.

तेव्हापासून मी कुणालाही तिथल्या तिथे लेखी देत नाही. फोन बघते, फोटो काढते आणि एक दिवस मागून घेते. लोकांना वाटतं, मॅडम हल्ली भाव खातात.